काजूच्या तेलाच्या रेझिनचे दहाही क्लेम अडवलेत, उत्तर काय द्यावं?

मच्छे_रेझिन

नमस्कार मंडळी. बेळगावजवळ मच्छे इंडस्ट्रियल एरियात माझं फौंड्री रेझिनचं छोटं युनिट आहे. एक केटल, एक फ्लेकर, हाताखाली मोजकी पोरं. उद्यमबाग, होनगा आणि हायवेनं वर शिरोली, गोकुळ शिरगाव, एवढ्या पट्ट्यातल्या फौंड्र्यांना शेल सँडचं रेझिन देतो. त्यातल्या एका रेझिनवर पेटंटचा अर्ज केला होता. त्याचा पहिला तपासणी अहवाल आलाय, एफईआर म्हणतात तो. दहा क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, होते, दहाच्या दहा अडवलेत.

आधी माल काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शेल सँड म्हणजे कणाकणावर रेझिनचा पातळ थर चढवलेली कोरडी वाळू. अडीचशे डिग्रीच्या आसपास तापलेल्या कोअर बॉक्समध्ये मारली की कवच धरतंय. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा ठोकळा. रेझिन असतंय फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं नोव्होलॅक, आणि ते पक्कं करायला हेक्झा. चांगलं चालतंय, पण कडक. पातळ कोअरवर लोखंडाचा रस आला की वाळू फुगते, कोअर तडकतो, त्या फटीत रस शिरतो आणि कास्टिंगच्या आतल्या अंगाला पातळ शीर उठते. वेनिंग. बाहेरच्या अंगाला असती तर ग्राइंडर फिरवून काढली असती. वॉटर जॅकेटच्या, म्हणजे गार पाणी फिरायच्या पोकळीच्या, आत उठली की तो पीस भंगारात.

म्हणून फिनॉलचा काही भाग काढून कार्डॅनॉल घालून बघितलं. काजूच्या टरफलातल्या तेलापासून ते मिळतंय, आणि चंदगड-खानापूरचे काजू कारखाने आम्हाला हाकेच्या अंतरावर. ब्रेक लायनिंगवाले हे पूर्वीपासून वापरतात, आमच्या पट्ट्यातल्या कोअर शॉपमध्ये मात्र मी कुठं बघितलं नव्हतं. कार्डॅनॉलला लांब शेपूट असते, तिच्यामुळं कोअर थोडा दबतो, तडकत नाही.

पण सगळं एकदम केटलमध्ये घातलं की भानगड होते. फिनॉल झटकन फॉर्मल्डिहाइड पकडतंय आणि कार्डॅनॉल मागं राहतंय. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन गार केला की रेझिनच्या टिकलीभोवती तेलकट कड दिसते. अशा रेझिनची वाळू एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली थप्पीला लावली की खालची पोती दगड. कोअर शॉपमधल्या बायका हातोडीनं फोडून वापरायच्या, वर मला शिव्या.

मी क्रम बदलला. आधी कार्डॅनॉल आणि थोडंसं फॉर्मल्डिहाइड ऑक्झॅलिक ॲसिडवर शिजवायचं. काचेवरची तेलकट कड गेली की मग फिनॉल आणि उरलेलं फॉर्मल्डिहाइड. पोती सुटी राहिली, शिराही कमी झाल्या. एवढंच काय ते माझं संशोधन.

आता अहवाल. क्लेम १ आहे रेझिनचा: फिनॉल, कार्डॅनॉल, फॉर्मल्डिहाइड असलेलं, कार्डॅनॉल फिनॉलच्या वजनाच्या ५ ते ६० टक्के, रेणुभार १,००० ते १०,०००. त्यावर म्हणे नावीन्य नाही, कारण डी१ या जुन्या पेटंटात २० टक्के कार्डॅनॉलचं रेझिन आहे. शिवाय कलम ३(ई), म्हणजे नुसतं मिश्रण. शिवाय रेणुभार कुठला ते स्पष्ट नाही. क्लेम ६ होता ‘फौंड्री कोअरसाठी वापर’, त्याला ३(डी). क्लेम ७ मध्ये माझा दोन टप्प्यांचा क्रम आहे, तर तो डी१ आणि डी२ एकत्र वाचले की सहज सुचण्यासारखा आहे म्हणतात. क्लेम ८ चढवलेल्या वाळूचा, त्याला डी३ लावलाय. डी३ शेल सँडचंच आहे, त्यात चालतील अशा फिनॉलांची लांबलचक यादी आहे आणि यादीत कुठंतरी कार्डॅनॉलचं नाव. वर काजू कुठून आणला, जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी कुठाय, हेही विचारलंय.

डी१ मी सगळं वाचलं. ब्रेक लायनिंगचं आहे, फौंड्री हा शब्दसुद्धा त्यात नाही! मग माझं रेझिन जुनं कसं? आणि डी२ तर वार्निशचं. अर्ज लिहून दिलेले एजंट म्हणतात, क्लेम १ सोडायचा नाही, भांडू. मला भांडायला हरकत नाही, पण कशावर भांडायचं ते तरी कळू दे की.

---

शिरोलीचा_फौंड्रीवाला

तुमचं रेझिन आमच्याकडं आलंय बहुतेक. वाळू चांगली आहे, तक्रार नाही.

पण एक सांगू का, रागवू नका. पेटंटचा नाद कशाला? माझ्या आजोबांच्या काळात कोअर जवसाच्या तेलावर आणि मळीवर व्हायचे, भट्टीजवळ भाजायचे. कुणी पेटंट घेतलं नाही, कुणी अडवलं नाही. तुम्ही अर्जात क्रम लिहून टाकलात, आता तो छापून आला असणार. उद्या शेजारच्या शेडमधला तोच क्रम लावून रेझिन शिजवेल आणि तुमच्यापेक्षा किलोला दोन रुपये कमी लावेल. त्याच्या केटलमध्ये आधी काय पडलं हे तुम्हाला कळणार कसं? पोत्यावर थोडंच लिहिलेलं असतंय? गुपचूप बसला असता तर बरं झालं असतं.

---

निपाणीची_पेटंटवाली

मी पेटंट एजंट आहे, माहेर निपाणी, काम पुण्यात. दादा, तुमचा अहवाल मी बघितलेला नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरूनच बोलते.

पहिलं मुदतीचं. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेलं पाहिजे. आणखी तीन महिन्यांची मुदतवाढ मिळते, पण ती सहा महिने संपायच्या आत मागायची. उत्तरच गेलं नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं धरतात आणि मग तो परत उभा करणं अवघड जातं. भांडायचं की नाही हे ठरवण्यात हा वेळ घालवू नका.

आता डी१. तुमचा क्लेम १ परत वाचा. त्यात फौंड्री कुठं आहे? त्यात नुसतं रेझिन आहे. रेझिनवर हक्क सांगितला की ते रेझिन जगात कुठंही, कुठल्याही कामासाठी आधी छापलेलं असलं तरी नावीन्य गेलं. ब्रेकला लावा नाहीतर बोटीला. आणि तुमची पट्टी ५ ते ६० ची. त्या पट्टीत २० चा एक नमुना आधीचा निघाला की सगळी पट्टी पडते, १९ आणि २१ सुद्धा वाचत नाहीत. हा आक्षेप बरोबर आहे. यावर भांडलात तर बाकीच्या बरोबर मुद्द्यांचंही वजन कमी होईल.

‘वापर’ वाला क्लेम ६ आपल्या कायद्यात टिकत नाही. क्लेम वस्तूचा असावा नाहीतर पद्धतीचा. माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग ३(डी) मध्ये थेट बाद आहे. तो काढून टाका, दुःख करू नका.

३(ई) वर मात्र जरूर उत्तर द्या. ते कलम आहे नुसत्या मिश्रणाबद्दल, जिथं घटकांचे गुण शेजारी शेजारी बसलेले असतात. रेझिन शिजल्यावर त्यात फिनॉल फिनॉल म्हणून उरत नाही, त्याचे बंध बदलतात. आक्षेप आला तो क्लेमच्या भाषेमुळं. ‘अमुक, तमुक आणि ढमुक असलेलं’ असं सामानाच्या यादीसारखं लिहिलं की तपासणारा मिश्रणच समजणार. ‘यांच्या अभिक्रियेतून मिळणारं’ असं लिहा.

रेणुभाराचा आक्षेप किरकोळ वाटेल, पण पॉलिमरमध्ये त्यावर मोठमोठ्या कंपन्या आपटल्यात. अमेरिकेतलं तेवा विरुद्ध सँडोझ प्रकरण बघा. कोपॅक्सोन हे औषध, क्लेममध्ये रेणुभार ५ ते ९ किलोडाल्टन. पण पॉलिमरच्या एकाच घाण्यात लहान-मोठ्या साखळ्या असतात, सरासरी काढायच्या रीती वेगवेगळ्या आणि आकडेही वेगवेगळे. आलेखाच्या शेंड्याचा रेणुभार, संख्येनं सरासरी की वजनानं सरासरी, हे क्लेममध्ये नव्हतं. २०१५ मध्ये प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, खाली परत आलं आणि त्याच वर्षी अपील कोर्टानं ते क्लेम अस्पष्ट म्हणून रद्द ठरवले. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, कुठली सरासरी, कुठल्या यंत्रावर, कुठलं प्रमाणद्रव्य धरून मोजली हे असेल तर क्लेममध्ये उचला. नसेल तर रेणुभार काढून टाका. तुमची वाळू सुटी राहते ती त्यामुळं नाहीच.

खरी लढाई क्लेम ७ ची. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आहे, बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरचे भांडी बनवणारे लोक, लेथवर भांडं धरायची एक जुगत, तिच्यावर पेटंट. कोर्टानं ते रद्द धरलं. नुसती वर्कशॉपमधली सुधारणा पुरत नाही, त्यापलीकडं काहीतरी हवं, असं त्यात आहे. उद्यमबागेतल्या प्रत्येक लेथवाल्यानं तो निकाल वाचावा असं मला वाटतं. तुमचं तपासणारे हेच म्हणताहेत: क्रम बदलणं ही वर्कशॉपमधली सुधारणा.

उत्तर असं बांधा. डी२ मध्ये आधी अल्किल फिनॉल, म्हणजे कार्बनची शेपूट लागलेलं फिनॉल, आणि मग साधं फिनॉल असा क्रम आहे का? असेल तर कशासाठी? वार्निशचं असेल तर बहुधा रेझिन तेलात विरघळावं म्हणून. तुमचा प्रश्न निराळा: थप्पीतली वाळू दगड होऊ नये. वार्निशवाल्याला पोतं, थप्पी, पत्र्याचं शेड यांचा पत्ताच नाही. डी१ वाचणाऱ्या जाणकाराला डी२ उघडून बघायचं कारण काय, हे विचारा. पण हे बोलून भागत नाही, आकडे लागतात, आणि ते अर्जाच्या दिवशी स्पेसिफिकेशनमध्ये असायला हवेत. आता नवीन उदाहरण आत घुसवता येणार नाही, कलम ५९ आडवं येतं. क्लेम लहान करता येतात, मोठे नाहीत.

कलम ५९ वरून घाबरूही नका. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात निप्पॉन ए अँड एल या कंपनीचं प्रकरण आलं होतं. तेही पॉलिमरचंच, कोपॉलिमर लॅटेक्सचं. त्यांनी वस्तूचे क्लेम बदलून पद्धतीचे केले, पेटंट ऑफिसनं नाही म्हटलं, कोर्टानं चालेल म्हटलं. कारण पद्धत स्पेसिफिकेशनमध्ये आधीच लिहिलेली होती, आणि पेटंट मिळायच्या आधीच्या दुरुस्त्यांकडं जरा सैल हातानं बघावं असं कोर्टाचं मत पडलं.

तर प्रश्न असा: तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये सगळं एकदम घालून केलेल्या घाण्याचं उदाहरण आहे का? फसलेल्या घाण्याचं?

शिरोलीकर भाऊंना: गुपचूप बसण्याची वेळ गेली, अर्ज अठरा महिन्यांनी छापतातच. आणि शेजाऱ्याच्या केटलचं म्हणाल तर कलम १०४अ आहे. त्याचा माल तुमच्या पद्धतीच्या मालाशी तंतोतंत जुळतो हे तुम्ही आधी दाखवलं, तो त्याच पद्धतीनं झाला असण्याची दाट शक्यता दिसली, आणि खटपट करूनही त्याची पद्धत तुम्हाला कळली नाही, तर ‘माझी पद्धत वेगळी आहे’ हे सिद्ध करायला कोर्ट त्याला सांगू शकतं. फुकट मिळत नाही, पण अगदीच हात बांधलेले नसतात.

---

मच्छे_रेझिन

ताई, आहे की! उदाहरण ४. एजंट ते काढायच्या मागं होते. फसलेला घाणा कशाला दाखवायचा, आपलीच बदनामी, म्हणाले. मी हट्टानं ठेवलं, कारण त्याच्याशिवाय बाकीच्या तीन उदाहरणांना चव नाही.

उदाहरण १, २, ३ मध्ये कार्डॅनॉल १२, १८ आणि २५ टक्के, दोन टप्प्यांत शिजवलेलं. उदाहरण ४ मध्ये १८ च, पण सगळं एकदम. वाळू कुठल्या तापमानाला चिकटते, त्याला आम्ही स्टिक पॉइंट म्हणतो, ते चारींचं दिलंय. पहिल्या तिघांचं ९८, ९७, ९४ डिग्री. चौथ्याचं ८३.

डी२ मध्ये क्रम आहे, पण नोनिल फिनॉलचा, आणि तुम्ही म्हणता तसंच, तेलात विरघळावं म्हणून.

अजून एक. हिअरिंग लागलं तर कुठं जायचं? आणि आमच्याकडं बोर्ड कुठल्या भाषेत यावरूनच दुकानं बंद होतात, तिथं कुठली भाषा चालते?

---

चंदगडचा_काजूवाला

भावा, तेलाचं मी सांगतो. आमच्याकडं बी वाफेवर शिजवून कापतात, मग टरफलं एक्स्पेलरला. त्यातून निघतं ते काळं तेल, हातावर उडालं तर कातडी सोलून निघते. त्यात कार्डॅनॉल थोडं आणि ॲनाकार्डिक ॲसिडच जास्त. ते तापवलं की फेस येतो, गॅस जातो, मग पुढं डिस्टिलेशनवाल्याकडं. आता माल तुम्ही मच्छेत घेता, पण बी आमची चंदगडची, थोडी आजऱ्याची, थोडी खानापूरची, आणि सीझन संपला की आफ्रिकेचीसुद्धा! पेटंटमध्ये ‘काजू कुठला’ याचं उत्तर काय लिहिणार? महाराष्ट्र, कर्नाटक आणि परदेश?

---

निपाणीची_पेटंटवाली

काजूवाले दादा, अगदी तेच लिहायचं, पण बिलांवरून. अर्जात वापरलेला जैविक माल कुठला, त्याचं मूळ ठिकाण कुठलं, हे कायदा मागतो. उदाहरणं केली त्या घाण्यांचं तेल कुणाकडून आलं आणि त्यानं बी कुठली वापरली, याचं पत्र डिस्टिलेशनवाल्याकडून घ्या. जैवविविधता कायद्याचे नियम २०२३ च्या दुरुस्तीनं बदललेत, भारतीय अर्जदारासाठी मामला बराच सोपा झालाय. तरी पेटंट हातात पडायच्या आत प्राधिकरणाकडचं काम उरकायला लागतं, ते शेवटावर ठेवू नका. बाजारातून विकत घेतलेला प्रक्रिया केलेला माल त्या कायद्यात बसतो का, हा वाद घालता येतो. मी घालणार नाही. तुमचा जोर दुसरीकडं लागणार आहे.

हिअरिंग व्हिडिओवर होतं, मच्छेतूनच बसा. कर्नाटकातले अर्ज चेन्नई कार्यालयाच्या हद्दीत येतात. युनिट वीस-तीस मैल सरकवून चंदगडात टाकलं असतं तर मुंबई झाली असती. भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी, त्यामुळं आपल्याकडचा वाद तिथं पोचतच नाही. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं. तिथं नाकारलंच तर कलम ११७अ खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. आधी त्यासाठी वेगळं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं.

आणि उदाहरण ४ जपून ठेवलंत ते फार बरं केलंत.

---

खानापूरचा_मास्तर

पॉलिमर केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो, कायदा मला कळत नाही. पण रसायनाची एक गोष्ट विचारतो.

तुमचा शोध तुम्ही क्रम म्हणून सांगता. माझ्या मते क्रम हे साधन झालं. कार्डॅनॉलच्या वलयावर मेटा जागी पंधरा कार्बनांची साखळी लोंबते, ती आडवी येते, म्हणून ते फिनॉलपेक्षा सावकाश लागतं. सगळं एकदम घातलं की बरंचसं कार्डॅनॉल तसंच उरतं. ते उरलेलं तेल रेझिनला मऊ करतं आणि वाळू चिकटते. काचेवरची तेलकट कड म्हणजे तेच, मुक्त कार्डॅनॉल. तेव्हा तुमच्या मालात आणि डी१ च्या मालात फरक असलाच तर तो इथं दिसेल. मुक्त कार्डॅनॉल मोजलं आहे का? आकडा अर्जात आहे का?

इतिहासाचं म्हणाल तर काजूच्या तेलाची रेझिनं मॉर्टिमर हार्वी यांनी अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांतच पेटंट करून ठेवली आहेत. तेव्हा ‘काजूचं रेझिन माझं’ असं म्हणायला शंभर वर्षं उशीर झालाय. पण म्हणून निराश होऊ नका. फिनॉल आणि आल्डिहाइड एकत्र आले की राळेसारखा चिकटा होतो, हे जर्मन रसायनतज्ज्ञ बायरनं १८७२ मध्येच पाहिलं होतं. त्याच्यानंतर पस्तीस वर्षांनी बेकलाइटवाल्या बेकलंडनं अर्ज केला आणि १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. घटक तेच. त्याची मागणी होती ती उष्णता आणि दाब यांखाली ते पक्कं करण्याच्या पद्धतीची. दाब का? तर उष्णतेनं फेस येऊन माल सच्छिद्र होऊ नये म्हणून. ज्या घाण्याला बाकीचे वाया गेलेला म्हणत होते त्याचं कारण त्यानं शोधलं. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा पोरं पेंगायची, इथं तरी कुणाला उपयोग होऊ दे.

---

मच्छे_रेझिन

सर, दंडवत. मोजलंय, आणि अर्जात आहे!

पुण्याच्या एका लॅबमध्ये चारी नमुने जीपीसीवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर, लावले होते, रेणुभारासाठी. आलेखाच्या अगदी शेवटी, जिथं लहान रेणू येतात, तिथं उदाहरण ४ ला स्पष्ट उंचवटा दिसत होता. लॅबवाल्या मॅडम म्हणाल्या, हे न लागलेलं कार्डॅनॉल असावं, शुद्ध कार्डॅनॉल लावून खात्री करू. केली, जागा तंतोतंत जुळली. मग टक्केवारी काढून दिली. पहिल्या तिघांत ०.९, १.३ आणि १.८. चौथ्यात ६.४. तक्ता २ चा शेवटचा रकाना. पद्धतही खाली लिहिलीय: द्रावक कुठला, कॉलम कुठला, पॉलिस्टायरीनचं प्रमाण.

एजंटनी तो रकाना क्लेममध्ये कुठंच घेतला नाही. मीही तो रेणुभाराच्या चाचणीसोबत आलेला जादा आकडा समजत होतो.

---

निपाणीची_पेटंटवाली

मास्तर, तुम्ही माझं अर्धं काम केलंत.

दादा, आता मांडणी बदलू या. क्लेम ८, चढवलेली वाळू, तो पहिला करा. रेझिनचा क्लेम सोडून द्या, तुम्हाला ब्रेक लायनिंगचा धंदा करायचा नाही. साधारण असं:

‘शेल सँड, जिच्या कणांवर फिनॉल, कार्डॅनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या अभिक्रियेतून मिळालेल्या नोव्होलॅक रेझिनचा थर आहे, ज्यात कार्डॅनॉल फिनॉलच्या वजनाच्या १२ ते २५ टक्के आहे आणि रेझिनमधलं मुक्त कार्डॅनॉल, जीपीसीनं मोजलं असता, रेझिनच्या वजनाच्या २ टक्क्यांहून कमी आहे.’

दुसरा क्लेम दोन टप्प्यांच्या पद्धतीचा, तापमान आणि पहिल्या टप्प्यातलं फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण घालून. तिसरा त्या वाळूच्या कोअरचा. बास. ‘२ टक्के’ हा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये शब्दशः आहे का ते बघा. नसेल तर १.८ वर थांबायचं, वर एक शतांशही नाही. ‘गुठळ्या जवळजवळ होत नाहीत’, ‘उच्च ताकद’ असले शब्द कुठं असतील तर उडवा.

डी३ च्या यादीत कार्डॅनॉलचं नाव आहे, पण त्याचं उदाहरण नाही, प्रमाण नाही, मुक्त किती राहिलं याचा पत्ता नाही. डी१ मध्ये वाळू नाही. डी२ मध्ये कार्डॅनॉल नाही. आणि तुमच्याकडं १८ टक्क्यांची जोडी आहे: सामान तेच, प्रमाण तेच, बदलला फक्त क्रम, तर स्टिक पॉइंट चौदा डिग्रींनी वर. ही जोडी उत्तराच्या पहिल्याच पानावर घ्या.

पेटंट ऑफिसचे निर्णय देणारे कंट्रोलर एक गोष्ट विचारणारच: डी१ च्या रेझिनमध्ये मुक्त कार्डॅनॉल कमी नव्हतंच कशावरून? त्यांनी मोजलं नाही म्हणजे ते जास्त होतं असं नाही. याला तोंडी उत्तर चालत नाही. डी१ चं २० टक्क्यांचं उदाहरण तुमच्या केटलमध्ये जसंच्या तसं शिजवा. त्यात लिहिलेलं तापमान, तेवढाच वेळ, तेच ॲसिड, तुमची काहीही अक्कल न वापरता. मग त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं मोजून घ्या. हे स्पेसिफिकेशनमध्ये जाणार नाही, पण प्रतिज्ञापत्रावर पुरावा म्हणून देता येतं. आकडा २ च्या खाली आला तर मला आधी सांगा, मग हा क्लेम पुढं रेटायचा नाही, पद्धतीच्या क्लेमवरच उभं राहायचं.

आणखी एक, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मला विचारायलाच हवं. अर्जाच्या तारखेच्या आधी या रेझिनचं एखादं पोतं बिल करून विकलंत का? चाचणीला दिलेला नमुना वेगळा आणि विक्री वेगळी. पेटंट मिळायच्या आधी विरोध करायची मुभा कुणालाही आहे, आणि असं बिल शेजारच्या शेडमध्ये हमखास सापडतं.

---

मच्छे_रेझिन

विक्री नाही. शिरोलीला आणि उद्यमबागेत दिलं ते ‘चाचणीसाठी नमुना, मूल्य नाही’ अशा चलनावर, आणि दोघांकडून गुपित ठेवायचं पत्र घेतलं होतं. ते आमच्या अकाउंटंट काकांचं डोकं, त्यांना सगळ्याचा कागद लागतो. पहिलं बिल अर्ज टाकल्यानंतरचं आहे. चलनं काढून ठेवतो.

२ टक्के शब्दशः आहे, पान ७ वर, ‘शक्यतो २ टक्क्यांहून कमी’.

काजूवाले, डी१ मध्ये डिस्टिल केलेलं कार्डॅनॉल नाही, तापवलेलं टरफलाचं तेलच वापरलंय. तसं एक कॅन मिळेल का? तापवलेलं, पण डिस्टिलेशनला न गेलेलं.

---

चंदगडचा_काजूवाला

मिळेल की. गाडी सोमवारी बेळगावला येते, मच्छे फाट्यावर उतरवून घ्या. ड्रायव्हरला सांगून ठेवतो, कॅन उभा ठेव म्हणून. मागच्या खेपेला आडवा पडून सीटखाली सांडलेला, अजून वास गेला नाही. बिल पाहिजे ना? त्यावर बी कुठली तेही लिहून देतो.

---

निपाणीची_पेटंटवाली

बिल पाहिजेच. आणि घाण्याचा बॅच शीट शिजवतानाच भरा, तारीख टाका, केटलवरच्या माणसाची सही घ्या. नंतर बसून सुवाच्य अक्षरात उतरवलेला कागद मला नको. डाग पडलेला चालेल.